नववा प्रश्न

हृदयविभागात तिला सगळे फोनबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण कामच तसं होतं. दिवसभर फोन करायचे आणि माणूस जिवंत आहे का ते विचारायचं. अकरा वर्षं तिने हे केलं. निवृत्त झाल्यावरही विभागाने तिला सोडलं नाही, कारण हे काम करायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. एकीला बसवलं होतं, ती तिसऱ्या दिवशी डोळे पुसत घरी गेली ती गेलीच.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याखाली होती. उभं राहिलं की मागच्या बाजूला डोकं आपटायचं. दोन टेबलं, एक कपाट, एक खिडकी. एका टेबलाशी ती आणि दुसऱ्याशी फायली सांभाळणारी सिस्टर. गुडघे गेल्यामुळे वॉर्डातून इथे आणून बसवलेली, जिभेला हाड नसलेली आणि मनाने फार चांगली.

हृदयातून रक्त अंगभर निघतं त्या तोंडाशी एक झडप असते. वयाबरोबर काहींची ती कडक होते, धड उघडत नाही. मग माणसाला दम लागतो, छातीत दुखतं, चालता चालता चक्कर येते. औषधाने ती सुटत नाही, बदलावीच लागते. ती बदलायचे दोन रस्ते. एक, छाती उघडून. दुसरा, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन, जुन्या झडपेतच नवी बसवून. कुणाची कोणत्या रस्त्याने बदलली आणि पुढे तो किती जगला, याची नोंद विभाग ठेवत असे. ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी पहिला फोन, वर्षाने दुसरा, मग दरवर्षी एक, पाच वर्षं पुरी होईपर्यंत. रोज सकाळी मशीनमधून यादी निघायची. नाव, घरचा नंबर, ऑपरेशनची तारीख. शेवटी एक शब्द, 'उघडून' किंवा 'नळीतून'.

कामात ती मुरलेली होती. 'आहेत का?' असं तिने कधी विचारलं नाही. ती म्हणायची, "जरा त्यांच्याशी बोलता येईल का?" यावर कुणी "थांबा हं, देते" म्हणालं की ती पेन उचलायची. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला की पेन खाली ठेवायची आणि थांबायची. किती थांबायचं हे तिला बरोबर कळत असे.

तिचा एक नियम होता. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय 'मृत' लिहायचं नाही. पहिल्याच वर्षी तिने एका शेजाऱ्याच्या भरवशावर एका गृहस्थांना मारून टाकलं होतं. मेला होता त्यांचा थोरला भाऊ, आणि शेजाऱ्याने ठोकून दिलं होतं. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ तपासणीला हजर, आणि त्यांची फाईल बंद. काउंटरवर केवढा तमाशा झाला! तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. कागद काहीही म्हणो, घरचं माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत तिच्या लेखी तो जिवंत.

फॉर्ममध्ये नऊ प्रश्न होते. जिना चढता येतो का, किती उशा घेऊन झोपतात, पुन्हा भरती व्हावं लागलं का, असे आठ. नववा प्रश्न वेगळाच होता. 'उपचाराचा प्रकार कुणी ठरवला: डॉक्टर, रुग्ण की नातेवाईक?' हा प्रश्न कुणी आणि कशाला घातला होता देव जाणे. तो विचारला की सरळ चाललेलं बोलणं अडायचं. बायका रडायच्या. एका मुलाने तर "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून फोन आपटला होता. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिने तो विचारला, मग सोडून दिला. सगळ्यांच्या पुढे 'डॉक्टर'वर खूण करायची आणि मोकळं व्हायचं.

"ठरवणार कोण? डॉक्टरच ना!" ती सिस्टरला म्हणाली होती. "उगाच लोकांच्या जखमेवर मीठ."

"कुणी बघत नाही तो रकाना," सिस्टर म्हणाली. "टाका ठोकून."

एवढी एक लबाडी सोडली तर बाई सचोटीची. आणि तिची एक वही होती. ती कामाची वही नव्हती, तिची स्वतःची होती. जाड पुठ्ठ्याची, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे उघडून, उजवीकडे नळीतून. नावं लिहायची नाहीत एवढं तारतम्य तिला होतं. ती लिहायची: बेकरीवाले, गाणं शिकवणाऱ्या बाई, टॅक्सीवाले, गणिताचे सर, दोन बहिणींतली धाकटी. प्रत्येकापुढे दरवर्षी एक उभी रेघ, आणि माणूस गेला की फुली. वही कशाला ठेवली असं विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. एवढ्या लोकांच्या घरातली एवढी मोठी बातमी ऐकायची आणि एका रकान्यात खूण करून विसरायची, हे तिला जमत नव्हतं, इतकंच.

अकरा वर्षांत वही भरली आणि भरता भरता तिला एक दिसायला लागलं. उजवीकडे फुल्या जास्त होत्या. थोड्याथोडक्या नाही, डोळ्यांत भरतील एवढ्या. नळीतून झडप बसवलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालत घरी जायची, पहिल्या फोनला खदखदून हसायची, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. गणिताचे सर तिचे लाडके होते. दर फोनला तिला एक कोडं घालायचे आणि उत्तर पुढच्या वर्षी सांगा म्हणायचे. चौथ्या वर्षी ती उत्तर काढून बसली होती. फोन त्यांच्या सुनेने उचलला. त्या दिवशी फुली मारताना तिने पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

डावीकडची माणसं पहिले दोन-तीन महिने कण्हायची, टाके दुखतात म्हणायची, खोकताना उशी छातीशी धरावी लागते म्हणायची. पण रेघांमागून रेघा पडत जायच्या. कुणाला तिने याबद्दल विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला? आकड्यांचं जे काही व्हायचं ते पलीकडे, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. तिचा संबंध फोनपुरता.

तिचा नवरा सुतार. चाळीस वर्षं त्याने दारं-खिडक्या केल्या, कपाटं केली, पॉलिश मारलं. भुशाने आणि पॉलिशच्या वाफेने छाती निकामी झाली होती. हिवाळ्यात खोकला सुरू झाला की शेजारी भिंत ठोकायचे. पण तोंड बंद नसायचं. बायको इस्पितळात नोकरी करते याचं त्याला भारी अप्रूप. तिला तो 'साहेब' म्हणायचा.

"काय साहेब, आज किती जिवंत?" ती घरी आली की चहाचं आधण ठेवता ठेवता तो रोज विचारायचा.

"चौदा," ती म्हणायची. "तुम्हाला धरून पंधरा."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याला जिन्यात दम लागायला लागला. तो म्हणाला, छातीचं जुनंच दुखणं. तीही तेच म्हणाली, आणि याची चुटपुट तिला पुढे खूप लागली. अकरा वर्षं लोकांना 'जिना चढता येतो का' विचारणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातला जिना दिसला नाही. मग एक दिवस सकाळी तो रंधा मारता मारता खाली बसला आणि तिथेच आडवा झाला. मिनिटभराने डोळे उघडून म्हणाला, "फळीला गाठ फार आहे." त्याच आठवड्यात तपासण्या झाल्या. तीच झडप.

मोठ्या डॉक्टर म्हणजे एक शांत, पिकल्या केसांच्या बाई. अकरा वर्षांत त्यांनी फोनबाईला आपल्या खोलीत खुर्ची देऊन बसवण्याची ही पहिलीच वेळ.

"ताई, आम्ही सगळ्यांनी बसून विचार केला," त्या म्हणाल्या. "नळीतून करावं असं आमचं मत आहे. त्यांची फुफ्फुसं फार थकलीत. छाती उघडली तर श्वासाच्या मशीनवरून उतरवणं अवघड जाईल."

"उघडून नाहीच का करता येणार?"

"सर्जन म्हणतात, करता येईल. पण त्यांचीही पहिली पसंती नळीलाच आहे."

फोनबाईच्या डोळ्यांपुढे वहीची उजवी बाजू आली. वरपासून खालपर्यंत फुल्या.

"डॉक्टर, नळीवाले टिकत नाहीत," ती म्हणाली. इतकी वर्षं 'हो मॅडम, नाही मॅडम' याच्यापुढे न गेलेली बाई हे बोलली. "मी फोन करते ना. मला माहिती आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या यादीत नळीवाले जास्त जातात, खरं आहे. पण नळी मुळात कुणाला लावली आपण? ज्यांची छाती उघडण्यासारखी नव्हती त्यांना. फार वयस्कर, फार थकलेले. ते झडपेने नाही गेले, ताई. त्यांचं वय झालं होतं."

सरळ सांगितलं होतं. शाळेतल्या पोरालाही कळेल असं. पण भीती कानात बसली की समजूत आत शिरत नाही. डॉक्टर समजावताहेत हे तिला कळत होतं आणि त्याच वेळी सरांच्या सुनेचा आवाज तिला ऐकू येत होता. डॉक्टरांनी आकडे पाहिले होते. तिने श्वास ऐकले होते. आपलंच खरं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याला कशाचीच शंका नव्हती.

"दहा वर्षांनी काय होतं नळीवाल्यांचं?" तिने विचारलं.

"त्यांच्यासारख्यांचं दहा वर्षांचं खात्रीने सांगता येत नाही अजून," डॉक्टर म्हणाल्या. त्या खरं बोलल्या आणि फोनबाईला हवं ते सापडलं.

घरी येऊन तिने वही त्याच्यापुढे उघडली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन सरळ पानावर पडलं होतं. त्याने चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या. लाकूड विकत घेताना पाहायचा तसं, तिरकं धरून.

"मला विचारशील तर नळीच बरी," तो म्हणाला. "बिजागरी बदलायला कुणी दार उखडतं का?"

"थट्टा नको."

"थट्टा नाही. मला आतून वाटतं. माझी छाती आधीच भुग्याने भरलेली, ती उघडून काय दिसणार त्यांना?" त्याने चष्मा काढला. "शिवाय मला भीती वाटते गं. करवत चालवतात ना हाडावर? मला आवाज माहितीये तो."

चाळीस वर्षांत त्याने भीती वाटते असं पहिल्यांदा म्हटलं. तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण तिचाही जीव टांगणीला लागलेला. तिला तीन-चार वर्षं नको होती, पुष्कळ हवी होती, आणि पुष्कळ वर्षं डावीकडे होती.

"मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "या बघा फुल्या. या सगळ्यांच्या बायकांशी बोललेय मी. उद्या माझ्याशी कोण बोलणार?"

आणि ती हमसून रडायला लागली. त्याने वही मिटली.

"बरं बाई, उघडून तर उघडून. तुझं खातं आहे, तुला जास्त कळतं," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज बदलला. "पण तिसाव्या दिवशी फोन तूच करायचा हं, साहेब. मी उचलणार आणि म्हणणार, ते घरी नाहीत, टेबल ठोकायला गेलेत."

ती रडता रडता हसली. तेवढं हसणं तिला पुढे फार महागात पडलं, कारण त्याच्या आड तो किती घाबरला होता ते तिने पाहिलंच नाही.

सर्जननी दोनदा विचारलं. घरच्यांची पूर्ण तयारी आहे का? रुग्णाची आहे का? "आहे," ती म्हणाली. "आहे," तोही म्हणाला, तिच्याकडे बघून. सह्या झाल्या. लेक परगावी होती, तिच्या मुलीची परीक्षा चाललेली. "तू धावपळ करू नकोस, सगळं नीट आहे," असं फोनबाईने तिला ठणकावून सांगितलं.

ऑपरेशन उत्तम झालं. हे सर्जननी बाहेर येऊन स्वतः सांगितलं आणि ते खरंच होतं. नवी झडप झकास उघडत होती, मिटत होती. हृदयाची तक्रारच नव्हती. पण श्वासाची नळी निघेना. काढली की तो पाण्याबाहेरच्या मासळीसारखा तडफडायचा आणि तासाभरात पुन्हा घालावी लागायची. पाचव्या दिवशी फुफ्फुसात पाणी झालं, नवव्या दिवशी ताप चढला.

तिला रोज दहा मिनिटं अतिदक्षता विभागात सोडायचे. अकरा वर्षं ती याच इमारतीत येत होती, पण या काचेच्या आत कधी आली नव्हती. तिची माणसं तिला नेहमी घरी परतल्यानंतर भेटायची, फोनवर. मधलं हे सगळं, नळ्या, बांधलेली मनगटं, ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त, याचा तिला पत्ताच नव्हता. बेकरीवाले यातून गेले होते. गाणं शिकवणाऱ्या बाई यातून गेल्या होत्या. आणि तिने त्यांना विचारलं होतं, किती उशा घेता?

बाराव्या दिवशी तो शुद्धीवर होता. बोलता येत नव्हतं. नर्सने पाटी दिली, पेन्सिल दिली. तरीही अक्षर ओळीत होतं. त्याने लिहिलं, 'नळी काढायला सांग.' ती म्हणाली, "थोडे दिवस, अहो, थोडेच दिवस." त्याने मान हलवली आणि खाली पुन्हा लिहिलं, 'घरी.' मग पेन्सिल त्याच्या बोटांतून घरंगळली आणि कॉटखाली गेली. ती ओणवी होऊन शोधत राहिली. सापडेपर्यंत दहा मिनिटं संपली आणि नर्स म्हणाली, "चला, ताई."

ती डॉक्टरांच्या पाया पडली. खरोखर, लोटांगण घालावं तशी, व्हरांड्यात, लोकांच्या देखत. "आता नळीतून काहीतरी करा हो," ती म्हणाली. आता नळीचा काही संबंधच उरला नव्हता. बदलायची ती झडप बदलून झाली होती आणि छान चालली होती. डॉक्टरांनी तिला उठवून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्या एका अक्षराने म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता तो गेला. लेक आदल्या दिवशी येऊन पोचली होती.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. ओट्याखालचा एक खण त्याने दुरुस्तीला काढला होता, तो तसाच भिंतीला टेकवून ठेवलेला होता. लेक त्याच्याकडे बघत होती.

"आई, बाबांना नळीतून करायचं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. भरती व्हायच्या आदल्या दिवशी फोन केला होता. म्हणाले, मला नळीच बरी वाटते, पण तुझ्या आईने वहीत सगळं लिहून ठेवलंय, तिचं मन मोडवत नाही." लेक रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "काय लिहिलंय वहीत, आई?"

फोनबाईने उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

ऑपरेशनपासून सत्ताविसाव्या दिवशी ती कामावर गेली. लेक म्हणाली राहा घरी. सिस्टरही म्हणाली. पण घरी बसून ती करणार काय? जिन्याखालच्या खोलीत डोकं आपटतं तरी. दिवसभर तिने कुणालाच फोन केला नाही. संध्याकाळी निघताना तिने सिस्टरला म्हटलं, "उद्या मला जुन्या फायली काढून द्याल? फक्त वयं बघायचीत."

दुसरा दिवस त्यात गेला. सिस्टर एकेक फाईल उघडून धंदा आणि वय वाचायची, आणि फोनबाई वहीत त्या माणसापुढे बारीक अक्षरात लिहायची. तिच्या वहीत धंदा होता, रेघा होत्या, फुल्या होत्या. वय नव्हतं. अकरा वर्षांत तिला ते लिहावंसं वाटलं नव्हतं. फोनवर आवाजाला वय नसतं, निदान तिला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"गणिताचे सर. झडप बसवली तेव्हा अठ्ठ्याऐंशी," सिस्टरने वाचलं.

"अठ्ठ्याऐंशी?"

"आणि किडन्या गेलेल्या. त्यावर चार वर्षं काढली म्हणजे चमत्कारच, बाई."

शहाऐंशी. नव्वद. चौऱ्याऐंशी, कॅन्सरही होता. एक्क्याण्णव. उजवीकडच्या फुल्यांपुढे असे आकडे पडत गेले. डावीकडे अठ्ठावन्न, एकसष्ट, पंचावन्न, फार तर सत्तर. सगळी धडधाकट, जिन्याची तक्रार घेऊन स्वतःच्या पायांनी आलेली. तिच्या नवऱ्याचं या बाजूला काय काम होतं? डॉक्टरांनी जे दोन मिनिटांत सांगितलं होतं ते तिला कळायला आख्खा दिवस आणि एक माणूस लागला.

पण खरा घाव तिला पुढे बसला. उजवीकडे, फुल्यांच्या गर्दीत, काही रेघा होत्या. तिची नजर त्यांच्यावर कधी ठरलीच नव्हती.

"टॅक्सीवाले," सिस्टर म्हणाली. "पंच्याहत्तर. दमा. बिडीने फुफ्फुसं खलास. म्हणून नळी."

टॅक्सीवाल्यांपुढे पाच रेघा होत्या. गिरणीतले फिटर, त्र्याहत्तर, कापसाच्या धुळीने छाती गेलेली. चार रेघा, पाचवा फोन पुढच्या महिन्यात. दगडाच्या खाणीतले मुकादम, शहात्तर. पाच. ही त्याच्यासारखी माणसं होती. त्याच्याच वयाची, त्याच्याच छातीची. तिने स्वतः त्यांना फोन केले होते. टॅक्सीवाले म्हणाले होते, बाई, आता नातवाला शाळेत सोडतो.

तिने वही मिटली नाही, फाडली नाही. तशीच उघडी ठेवून भिंतीकडे बघत बसली. सिस्टरने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला फोनबाई म्हणाली, "सिस्टर, हे माझ्याच अक्षरात होतं हो."

तिसाव्या दिवशी मशीनमधून यादी निघाली. मशीनला काय कळतंय? ऑपरेशनची तारीख धरून ते नाव छापतं. सहा नावं होती. चौथं त्याचं. शेवटी 'उघडून'. घरचा नंबर म्हणून फोनबाईचा स्वतःचा, पिशवीत असलेल्या मोबाईलचा.

सिस्टरने यादी आधी पाहिली आणि पटकन पालथी घातली.

"हे मी भरते. तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या."

"कसं भराल?"

"कसं म्हणजे? मला माहीत नाही का?"

"घरच्या माणसाने सांगितल्याशिवाय लिहायचं नाही," फोनबाई म्हणाली. "फोन करा."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही इथे बसलाय माझ्यापुढे."

"मी बाहेर जाते. करा फोन, सिस्टर. मी त्यांना शब्द दिला होता. मला नाही जमणार करायला, तुम्ही करा."

ती मोबाईल घेऊन बाहेर आली आणि जिन्याच्या कठड्याशी उभी राहिली. खालून माणसं वर येत होती. एक म्हातारे गृहस्थ दर चार पायऱ्यांनी थांबत होते आणि त्यांची बायको त्यांच्या पाठीवर हात ठेवून थांबत होती. फोन वाजला. तिने उचलला.

"नमस्कार, हृदयविभागातून बोलतेय," सिस्टर म्हणाली. आवाज फोनमधून येत होता आणि दारातूनही. "जरा त्यांच्याशी बोलता येईल का?"

किती ओळखीचं वाक्य. हजारो वेळा तिने ते म्हटलं होतं आणि पलीकडे काय होतं ते तिला आज कळलं. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला. सिस्टर थांबली. बोलघेवडी सिस्टर, पण बरोबर थांबली.

"ते वारले," फोनबाई म्हणाली. गेल्या अकरा दिवसांत हा शब्द तिने उच्चारला नव्हता. जे सांगायचं ते लेकीने सांगितलं होतं. "एकोणिसाव्या दिवशी. इथेच."

"बरं," सिस्टर म्हणाली. तिचं नाक वाजलं. "मग मधले प्रश्न लागत नाहीत. झालं, बाई. या आत."

"नववा राहिला."

"तो मी टाकलाय. 'डॉक्टर'."

"खोडा तो. विचारा मला."

जिन्यावरचे गृहस्थ पुन्हा थांबले होते. त्यांच्या बायकोने फोनबाईकडे पाहून उगाचच जरासं हसून घेतलं, इस्पितळात अनोळखी माणसं एकमेकांना बघून हसतात तसं.

"उपचाराचा प्रकार कुणी ठरवला?" सिस्टरने वाचलं. "डॉक्टर, रुग्ण की नातेवाईक?"

"नातेवाईक," फोनबाई म्हणाली. "बायकोने. डॉक्टर नको म्हणत होते. आणि त्यांना स्वतःला नळीतून करायचं होतं. त्यांना भीती वाटत होती. हे पण लिहा."

दारातून पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला आणि मग मिटल्याचा.

"त्याला रकाना नाही हो, बाई," सिस्टर म्हणाली.